सफरचंद-सायडरचा शरदातला फ्रूट पंच: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत या पंचबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. आधी एवढंच सांगते: आपल्या बाजारात येणारं सफरचंद गोड असतं, नुसतंच गोड. पंचला चव येते ती आंबटपणाने आणि तुरटपणाने, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला बाहेरून घालाव्या लागतात. खालची बरीचशी उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतील.

हा पंच म्हणजे नेमकं काय? सरबतच ना?

सरबताच्या जवळचा, पण पाण्यात साखर विरघळवून केलेला नाही. शेवटी घालायचा सोडा आणि कपभर कोरा चहा सोडला तर यात पाणी नसतंच. सफरचंदाचं सायडर हा पाया, त्यात दुसऱ्या एक-दोन फळांचा रस, थोडा खडा मसाला, आणि वर फळांच्या फोडी. अमेरिकेत सफरचंदं उतरण्याच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा पंच घरोघरी होतो. आपल्याकडे तेव्हाच आश्विन-कार्तिक असतो आणि सफरचंदाच्या पेट्याही तेव्हाच उतरतात, त्यामुळे हंगाम बरोबर जुळतो.

सायडर आणि सफरचंदाचा ज्यूस यात फरक काय? यात दारू असते का?

सायडर म्हणजे सफरचंद किसून, दाबून काढलेला गढूळ, तपकिरी रस. तो पुन्हा गाळून नितळ केलेला नसतो. खोक्यातला सोनेरी ज्यूस गाळून, साका काढून, पारदर्शक केलेला असतो. सफरचंदाची खरी चव त्या गढूळपणात असते.

दारूचं म्हणाल तर घोटाळा देशादेशाचा आहे. अमेरिकेत नुसतं सायडर म्हणजे ताजा रस, दारू नाही. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे आंबवलेलं, बिअरइतकं चढणारं पेय. इंटरनेटवरची कृती कुठल्या देशातली आहे ते आधी बघा. या पानावर सायडर म्हणजे ताजा रसच.

दुकानात 'ॲपल सायडर' मागितलं तर व्हिनेगरची बाटली दिली. तीच वापरू का?

नको! हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. आपल्याकडे किराणा दुकानात, मेडिकलमध्ये सायडर म्हटलं की वजन कमी करायला लोक घेतात ते व्हिनेगरच पुढे येतं. त्यात साधारण पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. दीड लिटर व्हिनेगरचा पंच कुणी केलाच तर पहिला घोट घशाखाली उतरणार नाही, आणि उतरला तर घसा आणि पोट दोन्ही पोळतील. बाटलीवर 'व्हिनेगर' किंवा 'विथ मदर' असं लिहिलेलं दिसलं की ती परत ठेवा.

ताजं सायडर सोलापुरात मला तरी बाटलीत तयार मिळालेलं नाही. घरी काढणं हाच सरळ मार्ग.

मग सायडर घरी कसं काढायचं?

तीन किलो सफरचंदांतून साधारण दीड लिटर निघतं, म्हणजे किलोला अर्धा लिटर. स्लो ज्यूसर असेल तर थोडं जास्त.

सफरचंदं कोमट पाण्यात हाताने चोळून धुवा. वरच्या चकाकीला मेणाचा पातळ थर असतो. फळांवर चालणारं मेण लावायला परवानगी आहे, तरी ते चोळून काढलेलं बरं. साल काढू नका, थोडाफार तुरटपणा सालीतच असतो. मधला बियांचा भाग मात्र काढून टाका. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या की रस कडू होतो, आणि त्यातलं ॲमिग्डालिन, म्हणजे पोटात सायनाइड सोडणारं द्रव्य, पोटात जावं असंही नाही.

फोडी मिक्सरला लावताना पाणी घालायचा मोह होतो, कारण पातं अडकतं. पाण्याऐवजी आधी निघालेला रस किंवा लिंबाचा रस दोन-तीन चमचे घाला. अगदी गंधासारखं वाटू नका, दाणेदार कीस राहू द्या. लगदा झाला की कापडातून रस सुटतच नाही, सगळा गोळा फुगून बसतो.

आता कापड. घरात टॉवेलांना तोटा नाही म्हणून कुणी कुणी सोलापुरी टॉवेल घेतात, तर तो निम्मा रस स्वतःच पिऊन टाकतो. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा किंवा मलमल घ्या. कापड आधी ओलं करून पिळून घ्या, त्यात चार मुठी कीस ठेवा, तोंडाला पीळ द्या आणि गाठोडं दोन्ही हातांनी दाबा. पहिला रस धारेने येतो, फिकट पिवळा. पातेल्यात पडेपर्यंत तो तपकिरी व्हायला लागतो. पुढचा रस थेंबाथेंबाने येतो आणि तोच दाट, जास्त चवदार असतो, म्हणून लवकर थांबू नका. दमलात की गाठोडं चाळणीत ठेवून वर पाण्याने भरलेली कळशी ठेवा, अर्धा तास दुसरी कामं करा.

तपकिरी रंग हवेमुळे येतो, रस खराब झालेला नसतो. रंग फिकट हवा असेल तर किसतानाच लिंबू पिळा. मी पिळत नाही. मला तो रंगच आवडतो.

सोलापुरात कुठलं सफरचंद घ्यावं?

हिमाचलचा माल जुलैअखेरीपासून यायला लागतो, काश्मीरचा सप्टेंबर ते नोव्हेंबर. या काळात लक्ष्मी मंडईत किंवा मार्केट यार्डात रॉयल डिलिशियस भरपूर असतं. ते गोड आणि सुवासिक, पण आंबटपणा फार कमी. एकट्या रॉयलचं सायडर सपक लागतं. तीन किलोंत अर्धा-पाऊण किलो हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ घाला. ते परदेशातून येतं, महाग असतं, पण एवढ्याने फरक पडतो. थोडं गोल्डन मिळालं तर वासासाठी उत्तम.

फेब्रुवारीनंतर मिळतं ते बहुतेक कोल्ड स्टोरेजचं किंवा बाहेरून आलेलं. खायला चालतं, पिळायला नाही. बोटाने दाबून बघा: कडक आणि जड हवं. पिठूळ झालेल्या फळातून रस कमी आणि गाळ जास्त येतो. डाग पडलेल्या, सडक्या फळांचं वेगळं आहे, ते शेवटी लिहिलं आहे.

एकदाचं संपूर्ण प्रमाण सांगा ना.

थंड पंच, साधारण पंधरा ग्लास (आपले चहा-सरबताचे मध्यम ग्लास, मोठे नव्हेत):

सायडर दीड लिटर, डाळिंबाचा रस ३०० मिली, दोन संत्र्यांचा किंवा मोसंब्यांचा रस, दोन लिंबं, एक कप कोरा चहा, साधा सोडा अर्धा लिटर. मसाल्यात दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, सहा लवंगा, एक चक्रीफूल, चार वेलच्या, इंचभर आलं ठेचून. वर एका सफरचंदाच्या पातळ चकत्या आणि मूठभर डाळिंबाचे दाणे.

मसाला कापडात सैल बांधून निम्म्या सायडरमध्ये टाका आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं तापवा. पुरचुंडी काढा, उरलेलं सायडर घालून सगळंच एकदा तापवून घ्या (किती, ते 'उकळायचं की नाही' मध्ये), मग गार करा. बाकीचे रस आणि कोरा चहा गार झाल्यावर. सोडा अगदी शेवटी, वाढायच्या क्षणी.

साखर लिहिलेली नाही हे बरोबर वाचलंत. आधी चाखा. लागलीच तर दोन चमचे. गूळ घातला तर रंग काळपट होतो आणि पंचला काकवीचा वास येतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखर कमी घाला म्हणणं जिवावर येतं, पण सफरचंदाच्या शंभर मिली रसात मुळात दहा-अकरा ग्रॅम साखर असतेच.

सगळं प्रमाणात घातलं, तरी चव सपकच लागते. काय चुकतंय?

चुकलं काही नाही, आंबट-तुरट कमी पडलंय. युरोपात सायडरसाठी खास आंबट आणि तुरट जातींची सफरचंदं लावतात, ती नुसती खायला कुणी घेणार नाही. आपल्याकडे त्या येत नाहीत, म्हणून ही भर आपण घालायची.

आंबटासाठी लिंबू. एका वेळी अर्धं पिळा, ढवळा, चाखा. तुरटपणासाठी कोरा चहा: कपभर गरम पाण्यात चमचाभर चहापत्ती तीन मिनिटं ठेवून गाळायची, उकळायची नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण पंचला अंग येतं ते यानेच, आणि चहाची चव कुणाला ओळखू येत नाही. एवढं करूनही काही तरी राहिलंय वाटलं तर चिमूटभर मीठ. काळं मीठ नको, मग ते जलजिऱ्याच्या वाटेला जातं.

डाळिंबच का? परदेशी कृतीत क्रॅनबेरी लिहिलेली असते.

क्रॅनबेरीचं काम रंग, आंबटपणा आणि थोडा तुरटपणा देणं. डाळिंब ही तिन्ही कामं करतं आणि ते आपल्या दारात आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, आणि सांगोला-मंगळवेढ्याकडचा भगवा, ही डाळिंबाची गडद लाल जात, मंडईत दिसतोच. एवढं असताना दूरदेशीचा साखर घातलेला डबा मागवायचा, हे मला पटत नाही.

भगव्याच्या दाण्याचा रंग गडद, पण चवीला तो गोडच जास्त. म्हणून डाळिंब घातलं तरी लिंबू सुटत नाही.

डाळिंबाचा रस कडू झाला. का?

मिक्सर जास्त फिरवलात. आतली बी भरडली गेली की कडवट होतो. दाणे भांड्यात घालून बटण दोन-तीनदा टिचकीसारखं दाबायचं आणि लगेच गाळायचं. किंवा दाणे पिशवीत घालून लाटण्याने चेपा. दाण्यांमधला पिवळट पापुद्राही निवडून काढा. साधारण किलोभर डाळिंबांत ३०० मिली सहज निघतो.

पंच उकळायचा की नाही?

उकळायचा नाही, तापवायचा. खळखळून उकळला की सफरचंदाचा ताजा वास उडतो आणि शिजलेल्या फळाची चव येते, आजारी माणसाला देतात तशी.

पण अजिबात न तापवणंही बरोबर नाही. कच्च्या रसात सालीवरचे जंतू आलेले असू शकतात. परदेशात न तापवलेल्या सायडरमुळे ई. कोलायच्या साथी आलेल्या आहेत. थर्मामीटर असेल तर ७५ अंशांपर्यंत नेऊन मिनिटभर तिथे ठेवा. नसेल तर पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले आणि वर वाफ दिसायला लागली की आणखी एक मिनिट थांबून गॅस बंद. वर फेसाची तपकिरी साय येते, ती चमच्याने काढून टाका.

ऑक्टोबर हीटमध्ये गरम पंच कोण पिणार? थंड चालतंय का?

चालतंय की. सोलापुरात तर दिवाळीपर्यंत थंडच करावा. वरचं प्रमाण त्यासाठीच दिलंय. गरम पंच राखून ठेवा डिसेंबर-जानेवारीच्या हुरडा पार्टीसाठी, किंवा गड्ड्याच्या जत्रेहून रात्री कुडकुडत परत आल्यावर. गरम करताना सोडा वगळा, आलं दुप्पट करा, लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

थंडात बर्फ वितळून पंच पांचट होतो. थोडं सायडरच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि ते खडे टाका. विकतचा बर्फ घेणार असाल तर खाण्याचा आहे का ते विचारूनच घ्या. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे, निळसर लादी दिसली तर ती फक्त बाटल्या गार करायला.

सीताफळाचा हंगाम आहे. बार्शीची छान सीताफळं आली आहेत, गर घालू का?

मोह मला समजतो, पण नको. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, आणि थंड पंचमध्ये घातला तर तळाशी चिकट थर बसतो. ते रबडीतच शोभतं. केळंही नको, काळं पडतं आणि पंच बुळबुळीत होतो.

पेरू चालतो, बिया काढून पातळ फोडी. अननसाचे तुकडे चालतात. ताजी द्राक्षं आपल्याकडे जानेवारीनंतरची, तोवर मूठभर बेदाणे गरम पंचमध्ये टाका. ते फुगले की ग्लासच्या तळाशी खायला मजा येते.

तांब्या-पितळेच्या पातेल्यात केला तर?

कल्हई असेल आणि ती कुठे उडालेली नसेल तरच. आंबट रस उघड्या तांब्या-पितळेला खातो, ॲल्युमिनियमलाही. स्टीलचं पातेलं सगळ्यांत निर्धोक. वाढायला तांब्याचा हंडा शोभून दिसतो हे खरं, मग आत स्टीलचा डबा बसवा.

खोक्यातला सफरचंद ज्यूस वापरला तर काय बिघडलं?

घाई असेल तर वापरा, पण खोक्याच्या मागचं वाचा. 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेलं असेल तर त्यात रस दहा टक्केही पुरतो, बाकी पाणी आणि साखर. १०० टक्के रसाचं खोकं घ्या, एखादं ताजं सफरचंद किसून पिळून त्यात घाला, आणि लिंबू-चहा थोडा वाढवा. मसाला तसाच.

नवरात्रीच्या उपवासाला चालतो का?

फळं, लिंबू, आलं, वेलची याला सहसा कुणाची हरकत नसते. दालचिनी, लवंग, चक्रीफूल काही घरांत चालतं, काहींत नाही. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि शंका असेल तर नुसती वेलची-आलं घालून करा, तोही छान होतो.

कोजागरीला दूध आणि पंच दोन्ही ठेवायचंय. एकत्र काही करता येईल का?

एकत्र नाही. सफरचंद, डाळिंब, लिंबू सगळंच आंबट, दूध नासणार. संध्याकाळी आल्या आल्या पंच, आणि चंद्र वर आला की मसाला दूध. मध्ये शेंगा चटणी लावलेली कडक भाकरी किंवा चिवडा ठेवा. तिखटानंतर पंचची चव जास्त उघडते.

मधुमेह असलेल्यांना द्यावा का?

एका मध्यम ग्लासमध्ये साखर न घालताही साधारण पंधरा ग्रॅम साखर जाते, आणि गाळल्यामुळे चोथा राहिलेला नसतो. त्यांच्यासाठी सफरचंदाची फोड आणि मूठभर डाळिंबाचे दाणे वेगळे ठेवा. प्यायचाच असेल तर अर्ध्या ग्लासात सोडा भरून, आणि डॉक्टरांनी जे सांगितलंय ते आधी.

लहान मुलांना मसाला कमी. मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायलाही देऊ नका.

मंडळाच्या कार्यक्रमाला शंभर माणसांसाठी करायचाय. सगळं सातपट करू?

रस सातपट, मसाला नाही. मोठ्या पातेल्यात मसाला जास्त वेळ गरम राहतो आणि लवंग डोकं वर काढते. सात पटीच्या हिशोबाने जेवढा येईल त्याचा दोन-तृतीयांश घ्या आणि चाखून वाढवा. लिंबूही तसंच, टप्प्याटप्प्याने.

वीस-एकवीस किलो सफरचंदं हाताने पिळणं माणसाचं काम नाही. एखाद्या ज्यूसवाल्याकडून मशिनवर, पाणी-साखर न घालता, काढून घ्या आणि घरी आणून तापवा. गरम द्यायचा असेल तर केटरिंगवाल्यांचा चहाचा थर्मास जार भाड्याने मिळतो. त्यात पंच वाफाळता भरा, कोमट राहिला की जंतू वाढतात. पातळ प्लास्टिकच्या कपात गरम ओतू नका.

किती दिवस टिकतो? माझ्या बाटलीला फेस आला.

तापवून, गार करून, फ्रीजमध्ये तीन दिवस. सोडा आणि फोडी न घातलेला. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, डबा काठोकाठ न भरता.

फेस आला म्हणजे आंबायला लागला. सोलापूरच्या उकाड्यात बाहेर ठेवलेला कच्चा रस एका-दोन दिवसांतच बुडबुडे सोडतो, आणि झाकण घट्ट असेल तर काचेची बाटली फुटू शकते. झाकण तोंडापासून लांब धरून हळूच सैल करा आणि ओतून द्या. 'राहू दे, इंग्लंडसारखं होईल' असंही काही जण लिहितात. त्यांच्यासाठी: परवान्याशिवाय घरी दारू करणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने, म्हणजे १९४९ पासून, गुन्हा आहे.

पेटीतल्या खालच्या सफरचंदांना सडका डाग आहे. तेवढा कापून बाकीचं वापरू?

नुसतं दबून तपकिरी झालेलं असेल तर कापून वापरा. बुरशी दिसत असेल, आतून मऊ पाणचट झालं असेल, तर पूर्ण फळ टाका. सफरचंदाच्या सडीत पॅटुलिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं, ते डागाच्या बाहेरही पसरतं आणि तापवून जात नाही. म्हणूनच विकतच्या ज्यूसमध्ये त्याची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम ठरवून दिली आहे. स्वस्तात मिळालेल्या डागी पेटीचा पंच करू नये तो याचसाठी.

एवढा चोथा उरला, त्याचं काय करू?

त्यात थोडं पाणी आणि चवीपुरता गूळ घालून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवा, मिक्सरमधून काढा, पुन्हा आटवा. शेवटी दालचिनीची पूड. पोळीला लावायला होतं आणि फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. पंचमधून काढलेली मसाल्याची पुरचुंडी यातच टाकली तर पूडही लागत नाही. तेवढा उत्साह नसेल तर शेजारच्या गाईला घाला, तिची तक्रार येत नाही.